हाताखालच्या काठ्या

टण्‌ण असा बारीक आवाज झाला आणि दुपारच्या घरातली शांतता तडकली.

मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. भिंगरीला नुकतंच झोपवून आले होते, म्हणजे तसा माझा समज होता. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता. भाजलेली चिनी माती फरशीवर पडली की एकदाच स्वच्छ वाजते आणि गप्प बसते. पितळेसारखी लांबवत नाही, काचेसारखी किंचाळत नाही.

बाहेर येऊन बघते तर भिंगरी बाबाच्या खुर्चीशी गुडघे टेकून बसलेली. नवरा खिडकीकडे तोंड करून बसला होता. त्याचा डावा हात मांडीवरून घसरून खुर्चीच्या बाहेर लोंबत होता, आणि बोटभर लांबीची एक पांढरी काठी घरंगळत जाऊन खुर्चीच्या पायाशी थांबली होती.

"झोपली होतीस ना तू?"

"झोपून झालं," भिंगरी म्हणाली. "आई, बाबाचा हात राहतच नाहीये. मी टेकू लावते, तरी पडतो."

नवऱ्यानं मान वळवली नाही. "लावू दे तिला. तिचा वेळ जातो, आणि मला काही दुखत नाही."

दुखत नाही, हेच तर आमचं दुखणं होतं. मी त्याचा हात उचलून पुन्हा मांडीवर ठेवला. ऊबदार होता, जड होता, आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा होता. काठी उचलून मी खिडकीच्या कठड्यावर ठेवली. माझ्या कामाच्या डगल्याच्या खिशातून पडली असेल, असं मला वाटलं.

आम्ही दोघं एकाच कारखान्यातले. तिथे चिनी मातीचे देव होतात. पांढरेशुभ्र, सायीसारखे, हातात घेतले तर बोटांची सावली आरपार दिसावी असे. नवरा मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचे निघतात. माझं काम टेकूंचं. ही माती भट्टीत गेली की दगड होण्याआधी एकदा लोण्यासारखी मऊ पडते. बसलेल्या देवाला त्याचं काही वाटत नाही. पण कुणी हात पुढे केला असेल, बासरी धरली असेल, तर तेवढाच भाग आगीत वाकायला लागतो. म्हणून त्याच मातीच्या काठ्या वळायच्या, टोकांना चिकटू नयेत म्हणून पांढरी पूड लावायची, आणि हाताखाली, कोपराखाली, बासरीखाली उभ्या करायच्या. भट्टी थंड झाली की काठ्या काढायच्या आणि टाकून द्यायच्या. दर वेळी नव्या, दर वेळी कच्च्या. कारण आगीत सगळंच आक्रसतं. साच्यातून निघालेला देव भट्टीतून बाहेर येतो तेव्हा चांगला दोन बोटं कमी भरतो. काठीलाही त्याच्याबरोबर तेवढंच लहान व्हावं लागतं. भिंगरीला हे कोडं वाटायचं. "आगीत देव अंग चोरतो," तिच्या बाबानं तिला समजावलं होतं. "कोण नाही चोरणार? तू तर गरम पाण्यालाही चोरतेस."

कारखान्यात त्याला सगळे डावऱ्या म्हणतात. लहानपणी सासूबाईंनी, म्हणजे आईंनी, त्याच्या डाव्या हातावर पुष्कळ चापट्या मारल्या. लिही उजव्यानं, जेव उजव्यानं, देवाला फूल वाहायचं ते तरी उजव्यानं वाहा. मग एकदा कुणीतरी त्याला गोष्ट सांगितली, की कृष्णानं गोवर्धन उचलला तो डाव्या हाताच्या करंगळीवर. त्या दिवशी पोराला वकील मिळाला, असं आई अजून म्हणतात. पुढे चापट बसली की तो विचारायचा, "देवाला मारलं होतं का त्याच्या आईनं?"

तर तो कृष्ण त्याला घडवायचा होता. कधीपासून. चिनी मातीत असा देव करायचा तर त्याच्या मागे झाडाचं खोड लावतात, नाहीतर एखादी गाय टेकवतात, म्हणजे हाताचा भार तिच्यावर जातो. ह्याला ते मान्य नव्हतं. "डोंगर उचललेला माणूस झाडाला टेकून उभा राहील का? मग तो देव कसला, बसची वाट बघणारा झाला." त्यानं हात मोकळा ठेवला. खांद्यापासून निघालेला, कोपरात जरासा सैल, आणि वर करंगळी. डोंगर आतून पोकळ केला, नखाएवढ्या जाडीचा. मागे दिवा धरला की सगळा डोंगर आतून उजळायचा. मी विचारलं, "इतका पातळ कशाला? एक धक्का लागला की गेला." तो म्हणाला, "देवाला डोंगर जड नसतो. बघणाऱ्यालाही तो जड वाटता कामा नये."

पहिली मूर्ती आम्ही दोघांनी मिळून भट्टीत ठेवली. हात उभा राहिला. पण गालावर लोखंडाचा बारीकसा काळा डाग उमटला होता. मातीत कण राहिला की असं होतं. विकता येईना म्हणून ती घरी आली. आईंनी तिला बघितलं आणि म्हणाल्या, "डाग कसला? तीट आहे ती. इतक्या देखण्या पोराला लावायला नको?" त्या दिवसापासून तो आमच्या देवघरात आहे.

त्यानंतर थोड्याच दिवसांत नवरा स्कूटरवरून घसरला. हाड एकही मोडलं नाही. खांद्यातल्या नसा ताणल्या गेल्या आणि हात गेला. डॉक्टर म्हणाले, नस वाढते, पण केसासारखी वाढते. बोटांपर्यंत पोचेल, किंवा नाही पोचणार. तोवर व्यायाम सोडायचा नाही. व्यायाम शिकवायला एक बाई घरी येऊ लागली. डोळे मिटा, मनातल्या मनात करंगळी उचला, असं ती सांगायची, आणि माझा नवरा, ज्यानं आयुष्यभर बोटांनी विचार केला, तो डोळे मिटून घाम येईपर्यंत करंगळी उचलायचा. ती हलायची नाही. पण तो करायचा.

मी रजा घेतली. माझ्या जागी कारखान्यात आई गेल्या. त्यांनी सगळी उमर तिथेच कपांचे कान लावण्यात घालवलेली, त्यामुळे बाईंनी, म्हणजे आमच्या मालकीणबाईंनी, लगेच होकार दिला. बाकीच्या बायकांनी चेष्टा केली, "सुनेची जागा राखायला सासू? हे नवीनच." आई म्हणाल्या, "काय करणार, ती नवऱ्याला अरे-तुरे करते, तेवढं सोडलं तर सून बरी आहे."

आणि मग गोवर्धनाची पहिली खरी भट्टी निघाली. खांदा तडकलेला. दुसरी निघाली. पुन्हा खांदाच, त्याच जागी. बाईंनी आईंजवळ निरोप दिला, तोही रागानं नाही, समजुतीनंच. पहिला देव उभा राहिला तो योगायोग असणार. मूर्तीच्या खांद्यात मुळातच खोट आहे. आणखी एक भट्टी देते, त्यात नाही जमलं तर मागे खोड लावायचं; दुसरा माणूस बघते, तुमच्या मुलाला त्रास नको. आईंनी जेवताना हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. नवऱ्यानं उजव्या हातातला घास परत ताटात ठेवला. दुसऱ्या दिवशी व्यायामाची बाई आली तर म्हणाला, "आज नको." तिसऱ्या दिवशीही तेच.

तोंडानं तो कधी बोलला नाही. पण मी त्याच्या शेजारी झोपते. मला कळत होतं. त्यानं दोन्ही हातांची एकमेकांशी गाठ मारून टाकली होती. तो हात उभा राहिला तर हा राहील. तो भट्टीत जात होता आणि हा खुर्चीत बसून त्याची वाट बघत होता. आता त्याला वाट बघायचीही उरली नव्हती.

काठी पडली त्याच दिवशी संध्याकाळी आई कामावरून आल्या त्या काहीतरी छातीशी धरून. कापड सोडलं तर आत दुसऱ्या भट्टीतला देव. "बाई फोडायला देणार होत्या. म्हटलं, मला द्या. फोडताना बघवलं नसतं."

"घरात कशाला आणलास?" नवरा म्हणाला. "खंडित आहे ना तो? तूच सांगतेस, खंडित पूजेत ठेवायचा नाही."

"पूजेत कुठे ठेवतेय? घरात ठेवतेय. आजारी माणसाला घराबाहेर काढतात का?"

मग भिंगरीनं, आम्ही नको नको म्हणेपर्यंत, तो देव दोन्ही हातांनी उचलला आणि बाबाच्या मांडीवर नेऊन ठेवला. "बाबा, देवालापण तुझ्यासारखं झालंय. हाच हात."

मला वाटलं, आता हा तिला ओरडणार. पण त्यानं उजवा हात देवाच्या खांद्यावर ठेवला. त्याचा अंगठा भेगेवरून फिरला, मागे गेला, काखेत गेला, तिथेच थांबला. बऱ्याच दिवसांत मी त्याचा अंगठा असा थांबलेला पाहिला नव्हता.

"हात पडलेला नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"पडला असता तर भेग वरून उघडली असती, खांद्याच्या माथ्यावर. ही काखेतून उघडलीय. हात वर गेलाय. खालून कुणीतरी ढकललाय ह्याला."

"भट्टीत कोण जाणार ढकलायला?" आई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपत आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीनं रडून घर डोक्यावर घेतलं. तिची काठी कुणीतरी घेतली होती. मी कठड्यावरची काढून दिली तर म्हणे ही नाही, दुसरी. "दुसरी कुठून आणणार मी?"

"आजीकडे खूप आहेत. देवाच्या मागे."

मी देवघरातला देव जरा बाजूला केला. मागे लाल कापडाची घडी होती. उघडली तर आत काठ्या, धुऊन पुसून ठेवलेल्या, प्रत्येकीला हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. मी दोन एकमेकींवर टेकवल्या. टण्‌ण. भाजलेल्या.

आई आरशासमोर केस विंचरत होत्या. कामावर जायची घाई होती.

"आई, ह्या काठ्या कसल्या?"

"हात धुतलेस का? ठेव खाली. देवाच्या हाताखालच्या आहेत त्या."

"पहिल्या मूर्तीच्या?"

"हो. तू डब्यात टाकल्या होत्यास, कचऱ्याच्या. तुझ्या जागी कामाला गेले तेव्हा तिथेच दिसल्या. तेव्हा मी काही बोलले नाही, तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पण ज्यांनी देवाचा हात धरला, त्यांच्यावर उद्या कुणी चहाचा चोथा ओतणार, हे बरं दिसतं का? मी उचलल्या, धुतल्या. आणि आता त्याच लावते दर भट्टीला. नव्या कोऱ्या काठ्यांना काय माहीत देवाचा हात कसा धरायचा? ह्यांना सवय आहे."

"उंचीला कमी नाही पडल्या?"

"पडल्या ना. खाली मातीची गोळी दिली. तेवढं न कळायला मी काय कालची आहे?"

मी तिथेच पाटावर बसले. हातात त्या काठ्या. सांगावं तर कसं सांगावं? न सांगावं तर पुढची भट्टी दोन दिवसांवर आलेली. आईंना आरशात माझा चेहरा दिसला असणार.

"काय झालं गं?"

"आई, ह्या एकदा भाजून निघाल्यात. आता ह्या नाही आक्रसत. देव आगीत लहान होतो, त्याचा खांदा खाली येतो, आणि ह्या मात्र तशाच उभ्या. हात वरच राहतो."

जन्म मातीत गेलेल्या बाईला आणखी सांगायची गरज नव्हती. कंगवा केसांत होता तिथेच थांबला.

"कपाच्या कानाला टेकू लागत नाही," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे, आई."

"म्हणजे मीच."

"आई, ह्याला काही सांगायला नको. मी उद्यापासून कामावर येते. कच्च्या काठ्या लावू, हात उभा राहील, कुणाला काही कळायचं नाही."

"नाही." त्यांनी कंगवा खाली ठेवला. "तो तिथे बसून समजतोय, की त्याच्या घडणीत खोट आहे. आधी हात गेला, आता हातानं केलेलंही गेलं. आई असून मी त्याला तसं समजू देऊ?"

अर्धे केस मोकळे, तशाच त्या बाहेर गेल्या. लाल कापड त्याच्या मांडीवर ठेवलं आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. सांगताना रडल्या नाहीत. मला वाटतं, रडणं म्हणजे माफी लवकर मिळवण्यासारखं झालं असतं, म्हणून त्यांनी ते टाळलं.

नवरा काठ्यांकडे बघत राहिला. मग त्याच्या घशातून काहीतरी निघालं. तो हसत होता. डोळे भरून आले होते आणि तो हसत होता.

"आई, लहानपणी डाव्या हातावर मारायचीस, ते तरी सांगून मारायचीस."

आईंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि मग मात्र तिथेच, त्याच्या डोक्यावर कपाळ टेकून, रडून घेतलं. भिंगरी दाराशी उभी राहून एकदा ह्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मी तिला जवळ ओढली.

"पण मला त्या टाकवत नाहीत रे," आई शेवटी म्हणाल्या. "खरं सांगते. पुढच्याही मला टाकवणार नाहीत."

"गोपाळांनी डोंगराखाली काठ्या लावल्या होत्या ना?"

"लावल्या होत्या की. आपणच डोंगर धरलाय असं वाटत होतं त्यांना."

"मग पाऊस थांबला, देवानं डोंगर खाली ठेवला. त्या काठ्यांचं पुढे काय झालं?"

आई विचारात पडल्या. आयुष्यभर ऐकलेली गोष्ट, पण एवढंच त्यात नव्हतं. "कुणी सांगितलंय? घरी नेल्या असतील. सकाळी गाई हाकायच्या होत्या."

"झालं तर मग."

"मी घेते," भिंगरी म्हणाली. "माझ्याकडे गाई आहेत." तिच्या गाई म्हणजे जुन्या बरण्यांची झाकणं.

"देवाला त्या काठ्या नको होत्या," आई डोळे पुसत, जणू स्वतःशीच म्हणाल्या. "तरी त्यानं कुणाची काठी बाजूला केली नाही."

"आपल्या देवाला लागतात, आई," नवरा म्हणाला. "मातीचा आहे ना."

भट्टी भरायच्या दिवशी आम्ही दोघी गेलो. काठ्या आईंनीच वळल्या. बोटं अजून तशीच होती त्यांची, झरझर चालणारी. पण दर काठी वळून झाली की माझ्यापुढे धरायच्या आणि मी मान डोलावली की मगच ठेवायच्या. मी आतून संकोचून गेले. टोकांना पूड लावली. एक करंगळीखाली, दोन डोंगराच्या कडेला, एक कोपराखाली. शेवटची लावताना आई वाकल्या आणि अगदी हळू, पोरींना सांगावं तसं त्या काठ्यांना म्हणाल्या, "त्याच्याबरोबर खाली या गं. आपला ताठा मिरवू नका."

घरी परतताना ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा शर्ट घालत होता. अपघातापासून त्याची बटणं मीच लावते. तो एका हातानं सुरुवात करतो आणि पहिलं बटण भोकाशी पोचायच्या आत मी येऊन सगळी लावून टाकते, कारण भिंगरीचा डबा असतो, दूध उतू जात असतं, आणि खरं म्हणजे मला ती धडपड बघवत नाही. त्या दिवशी मी गेले आणि शर्टाची कड नुसती धरून ठेवली. त्याचं बटण निसटलं. पुन्हा निसटलं. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"आज काय, संप?"

"तू लाव. मी धरलंय."

गॅसवरचं दूध उतू गेलं. मी जागची हलले नाही. त्यानं वरचं बटण तिसऱ्याच भोकात लावलं आणि आम्ही ते तसंच राहू दिलं.

भट्टी उघडायच्या दिवशी तो आला. हात गळ्यात बांधलेला, शर्ट एका बाजूला चढलेला. भिंगरी त्याच्या उजव्या बोटाला धरून. भट्टीवाले काका त्याला बघून क्षणभर गडबडले, मग म्हणाले, "आलास का रे डावऱ्या? हात बांधून आलास म्हणजे कुणी काम सांगायला नको."

"तुम्ही दोन्ही मोकळे ठेवून कुठे करता?"

बायका हसल्या. बाईही हसल्या, पण त्यांची नजर दाराकडे होती. काकांनी दार ओढलं. ऊब आली, तापून निवलेल्या विटांचा वास आला. आत पांढऱ्या देवांच्या रांगा, आणि मधल्या फळीवर तो. मला आधी काठ्याच दिसल्या. उभ्या होत्या, सगळ्या, आणि सगळ्या लहान झालेल्या. मग मी वर बघितलं. खांदा अखंड होता.

नवऱ्यानं भिंगरीला पुढे केलं. "काढ. सरळ खाली ओढायची. हळू."

"पडेल ना हात."

"नाही पडणार आता. त्याचं भाजून झालंय."

तिनं श्वास रोखून एक काढली. दुसरी काढली. करंगळीखालची काढताना तिनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा करंगळीवर डोंगर होता आणि करंगळीखाली काहीच नव्हतं. काकांनी लाकडी दांडीनं देवाला हलकंच वाजवलं. आवाज निघाला तो मी कधी विसरणार नाही. एकदाच, स्वच्छ, आणि मग शांत. बाईंनी स्वतः दिवा आणून मागे धरला. डोंगर आतून उजळला. आईंनी चपला काढून ठेवल्या आणि हात जोडले. कारखान्यातला देव विकायचा माल असतो, त्याला तिथे कुणी नमस्कार करत नाही. पण त्या दिवशी काकांनीही टोपी काढली.

"खोड नको मग," बाई म्हणाल्या. "हात मोकळाच राहू दे."

नवऱ्याची नजर देवाच्या चेहऱ्यावर नव्हती, डोंगरावरही नव्हती. करंगळीवर होती.

आईंनी काठ्या पदरात गोळा केल्या, कचऱ्याच्या डब्यापर्यंत गेल्या, तिथे जरा वेळ उभ्या राहिल्या. मग परत आल्या आणि सगळ्या भिंगरीच्या फ्रॉकच्या खिशात ओतल्या. "घे. गाई वाढल्यात तुझ्या."

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "त्या व्यायामाच्या बाईला उद्यापासून ये म्हणावं." आणि मग, बाई येईपर्यंत थांबायची तयारी नसल्यासारखा, खुर्चीत बसला, उजव्या हातानं डावा हात उचलला आणि खिडकीच्या कठड्यावर ठेवला. उन्हं उतरत होती. भिंगरी खिसा खुळखुळवत गेली. तिनं एकेक काठी निवडली, तिची उंची बघितली, बाबाच्या प्रत्येक बोटाखाली एक अशी नीट लावली. करंगळीखालची लावताना जीभ बाहेर काढून, अगदी मी लावते तशी. एकही पडली नाही.

"हं, बाबा."

त्यानं डोळे मिटले. आम्ही तिघी त्याच्या करंगळीकडे बघत राहिलो. आईंचे ओठ पुटपुटत होते. त्याच्या कपाळावर घाम आला, मानेची शीर वर आली. करंगळी काठीवर पडून होती, शांत, गुबगुबीत, झोपलेल्या तान्ह्या बाळासारखी. तो थांबला. श्वास घेतला. पुन्हा डोळे मिटले.

आई उठून दिवा लावायला गेल्या. मी उठले नाही. भिंगरीही उठली नाही. तिनं हनुवटी कठड्यावर टेकली, काठ्यांच्या उंचीला डोळे आणून पाहिलं, आणि तो तिसऱ्यांदा थांबला तेव्हा माझ्याकडे वळली.

"आई, भाजून झालं की काठ्या काढायच्या ना?"

"हो."

"मग बाबाचं कधी होणार भाजून?"